गिटारीच्या कुशीतली मशीन

लाल लाइट लागला, दोनदा मिचमिचला आन् गेला. मी बटन पुन्हा दाबलं. नाई लागला. अंगठ्यानं दाबलं, पदरानं पुसून दाबलं, फुकर मारून दाबलं, काईच नाई. पाटावर गिटार आडवी, तिच्या कुशीत बसवलेल्या काया डब्बीवर ओली हयद, खटक्यायच्या फटीत कुकू, आन् त्याच फटीतून पानी आत जाऊन राह्यलं होतं. मले दिसत होतं. एक थेंब फटीच्या तोंडाशी थांबला, गोल झाला आन् आत उतरला. मी त्याले बोटानं अडवाले गेली तं बोटाचंच पानी आत गेलं.

दाराजवय खाटेवर माही सासू वाती वयत बसली होती. तिचे कान लय तिखट.

"काय झालं वं?"

"काई नाई, आत्याबाई."

"मंग विंचू चावल्यावानी काहून बसली?"

"पोरीनं सू केली."

"मले तं इथून कोरडी दिसून राह्यली."

पोरगी कोरडीच होती. दहा महिन्याची, माह्या मांडीवर बसून पूजेच्या ताटातल्या पिवया तांदयात हात घालत होती. त्या लाल लाइटाचं तिले लय वेड. हे, म्हनजे माह्ये मालक, तिच्यासाठी बटन दाबून दाखवत, तं मीबी दाबलं होतं. नाईतं मले कयलंच नसतं. कधी कधी वाटते, नसतं कयलं तं बरं झालं असतं.

खंडेनवमीची सकाय होती. हे झेंडूचे फुलं आनाले गेले होते. जातानी म्हने, "गिटार पाटावर मांडून ठेव, मी आलो का पूजा करू." मांडून ठेव म्हतलं होतं, पूजा कर म्हतलं नव्हतं. पन माह्यं माहेर दर्यापूरचं. बाप फवाऱ्याचे पंप आन् मोटारी दुरुस्त करते. माहेरी नवमीले सारं धुतात. पाने, पकडी, हातोडे, पंप, सारं ओट्यावर काढाचं, पान्यानं खसखसून धुवाचं, ओल्या हयदीचे पाच बोटं ओढाचे, आंब्याच्या पानानं पाच खेपा पानी शिंपडाचं, वरून पिवये तांदूय टाकाचे. लोखंडाले काय होते? वायलं का पुसलं. मी चालाले लागली तवापासून हेच पाह्यलं, हेच केलं.

आन् मी इचार केला, गिटारीचं लाकूड तं नुसतं लाकूड, खरं काम करते ते कुशीतली मशीन. तं तिलेच आधी हयद-कुकू लागलं पायजे. म्हनून गिटार कुशीवर आडवी केली, मशीन वर आली, आन् मी मनापासून शिंपडलं. एरवी दोन खेपा शिंपडून मोकयी झाली असती. त्या दिवशी पाचीच्या पाची खेपा शिंपडलं, काहून का तीन दिवसानं ह्यायची परीक्षा होती.

ते सांगतो, मंग कयन मले कायची भीती होती ते.

अमरावतीच्या एका शायेत संगीताच्या मास्तरची जागा निघाली होती. गिटार वाजवून दाखवाची, सकायच्या प्रार्थनेले साऱ्या पोरायसंगं वाजवता येते का ते पाहनार, आन् आवडलं तं घेनार. शायेच्या मांगं मास्तरायसाठी दोन खोल्या. ह्यायनं फोटो आनला होता मोबाइलमदी. बाकी कोनी फोटोत शायेची इमारत पाह्यली असती, मी त्या खोलीचं दार पाह्यलं. हिरवं दार, आतून कडी.

अकोल्यात आमचं घर जठारपेठेच्या मांगच्या गल्लीत. दोन खोल्या हायेत, पन एकामांगं एक. बाहेरच्या खोलीत दाराजवय सासूची खाट. तिचे गुडघे गेले, तं ते दिवसभर तिथीच. नयाले पानी आलं, "कुठी?" पोरीचे लंगोट वायू घालाले निंगाली, "कुठी?" संडासले निंगाली, तरीबी "कुठी?" ते काई वाईट बाई नाई. माह्या बायंतपनात तिनंच केलं सारं. पन लगन होऊन तीन वर्स झाले, मी नववीतून शाया सोडली तवा येवढी अडकली नव्हती जेवढी त्या खाटेपाशी अडकतो. त्या हिरव्या दाराचा फोटो मी ह्यायच्या मोबाइलमदी रोज एकदा काढून पाहो.

आन् त्या दाराची चाबी म्हनजे हे गिटार. तिले मी पान्यात घातलं.

पहिले ह्यायच्याजवय साधी गिटार होती. तिच्यात मशीन-बिशीन नव्हती. लगनाच्या, हयदीच्या प्रोग्रामात वाजवाची असली का तिच्या भोकावर एक पट्टी बसवत, वायर लावत, काम झालं का पट्टी काढून खिशात. पन ऑर्केस्ट्रावाले हासत, "काय भाऊ, गिटारीले सलाइन लावलं का?" म्हनून ह्यायनं ते देऊन हे मशीनवाली घेतली. हिच्यात सारं आतच बसवून येते. कुशीले चौकोनी भोक पाडेल, त्यात ते कायी डब्बी, डब्बीवर चार खटके आन् सूर जुयवाचा तो लाइट. तारा जिथी टेकतात त्या पांढऱ्या पट्टीखाली एक बारीक वायर, ते आतल्या आत डब्बीत जाते. खाली पिन लावाचं भोक. पिन लावली का स्पीकरातून आवाज. भाहेरून पाहाले लय गोड दिसते. पन आत काय चाललं हाय ते कोनाले दिसत नाई.

ह्यायच्या चपलीचा आवाज आला तसं मी पदरानं सारी हयद पुसली, हयदीचं एकच बोट लाकडावर राहू देलं. गिटार उभी केली. हे आले, फुलं ठेवले, गिटार मांडीवर घेतली आन् छेडली. वाजली! चांगली खनखन वाजली. वायर न लावता मशीन मेली काय, जिती काय, तारा तं वाजनारच. आन् स्पीकर घरी नाई, तो ऑर्केस्ट्राच्या मालकाच्या खोलीत. हे सूरबी कानानंच लावतात. लाइटाची मजा पोरीची आन् माही.

"छान सजवली वं," हे म्हने.

माह्या तोंडात आलं होतं. पन सासू म्हने, "सकायपासून तिच्यापाशीच बसली, पोरगी सांभायाची सोडून." आन् मी पोरगी उचलून आत गेली. हे मारत नाईत, शिव्या देत नाईत. हे बोलनं बंद करतात. चार महिन्याआधी माह्या हातून ह्यायची सुरांची वही चुलीजवय राह्यली, तिचे पानं जयले, तं अकरा दिवस बोलले नाईत. त्या दोन खोल्यात अकरा दिवस. सासू पोरीच्या तोंडून माह्याशी बोले, "सांग तुह्या मायले, बापाले भाजी वाढ म्हना." मार खाल्ला असता तं बरं.

दसऱ्याच्या दिवशी हे सोनं वाटाले गेले तवा मी बॅटरीचं झाकन काढून पाह्यलं. चौकोनी बॅटरी असते. झाकनाचा प्लास्टिकचा कान माह्या नखानं तुटला. आता झाकनबी बसेना. पोरीच्या हातातला काया दोरा काढून आत दाबला, तवा अडकलं. मोबाइल भिजला तं तांदयात ठेवतात म्हनतात, पन गिटार कोनत्या कोठीत ठेवू? आन् मशीन भाहेर निंघत नाई. तेच तं सारं दुखनं होतं. भाहेर निंघनारी असती तं मी पदराखाली घालून नेली असती.

दुसऱ्या दिवशी हे झेरॉक्सच्या दुकानात कामाले गेले. मी गिटार बॅगेत घातली, पोरगी कडेवर घेतली.

"कुठी?"

"बॅगची चेन गेली, आत्याबाई. टेलरकडं."

"मंग बॅग ने. गिटार कायले नेतं?"

"माप घ्याचं हाय."

"चेन लावाले गिटारीचं माप? तिले झंपर शिवतं का?"

मी हासली. हासता हासता भाहेर पडली. गल्लीच्या तोंडापर्यंत मांगं वयून पाह्यलं नाई.

बाजाराकडच्या अरुंद बोयीत एक चाचा बसतात, हारमोनियम, तबले, स्पीकर, सारं दुरुस्त करतात. त्यायनं चार इस्क्रू काढले आन् डब्बी कुशीतून ओढली, तं मांगं वायरा आल्या, कोंबडी साफ करतानी आतडे येतात तशा. वायरायवर हयद.

चाचा चष्म्यावरून माह्याकडं पाहे. "बेटी, उटन लगाया क्या इसको? शादी है इसकी?"

मले रडू आलं. चाचा म्हने, "रो मत, बच्ची डर जाएगी." मंग त्यायनं बॅटरीची क्लिप उजेडात धरली. तिच्यावर हिरवा-पांढरा थर, खारट्यावानी. "ये तेरे पानी का नहीं है. ये बॅटरी का जहर है, पुराना. तेरा आदमी पिन लगी छोड देता है क्या?"

"पिन?"

"पिन अंदर रही मतलब मशीन चालू. इसको बंद करने का अलग बटन नहीं रहता. पिन ही बटन है. लगी छोडी तो बॅटरी बैठती, बैठी हुई पडी रही तो गल जाती."

माह्या डोयासमोर आमच्या घरचा कोपरा आला. गिटार भिंतीले टेकेल, खाली वायर तशीच लावेल, गोल गुंडायून वर खुंटीले. रोज. मीच तिच्यावरून झाडू फिरवतो.

"तं कायनं बिघडली चाचा? माह्या पान्यानं का बॅटरीनं?"

"अल्ला जाने. बिमार थी, तूने नहला दिया."

मी म्हतलं, "नवी डब्बी बसवून द्या. आजच." चाचानं मान हालवली. ह्या मापाची डब्बी आता बनत नाई म्हने. दुसरी आनली तं तिचं माप वेगयं, भोक वाढवा लागते, लाकूड कागदावानी पातय, चिरलं का गिटार गेली. लहान आनली तं बाजूनं फट राहते. त्यायनं गिटारीच्या पोटावर बोटानं ठोकून पाह्यलं, "टप" वाजलं. "सारा ध्यान मशीन पे दिया बनानेवाले ने, लकडी पे कुछ नहीं. सादी गिटार में ऊपर से लगाओ, बिगडी तो निकालके फेंको. इसकी बिमारी पेट में है. इलाज करने जाओ तो पेट फाडो."

मंग त्यायनं जुन्या दातघासनीनं, कायतरी वास मारनारं लावून, एक एक वायर घासली. नवी बॅटरी घातली. लाइट लागला! पोरगी हासली. चाचानं पिन लावून वाजवली, स्पीकरातून आवाज आला, पन डब्बा वाजवल्यावानी, पातय. आन् गिटार जराशी स्पीकराकडं वयली तं अशी किंचायली का पोरगी माह्या गयाले बिलगली. चाचानं डब्बी अंगठ्यानं दाबली तं थांबली.

"चालन का?"

"चल गई तो चल गई. भरोसा मत कर. घरवाले को बोल, साथ में एक माइक ले जाए, खडावाला, स्टँड का. गिटार के मुंह के सामने रख दे, बस. फिर मशीन मरे तो मरे."

येवढंच बोलाचं होतं मले. माइक घेऊन जा. त्याच्यात हयदीचं नावबी घ्याचं नव्हतं. रस्ताभर मी ते पोरीच्या कानात बोलत आली.

घरी येऊन गिटार जाग्यावर टेकवली. रात्री हे शर्टाले इस्त्री करून राह्यले होते. गुनगुनत होते. म्हने, "ऑर्केस्ट्राचा मालक म्हनत होता, माइक नेतो का, स्टँड नेतो का. मी म्हतलं कायले? आपली मशीनवाली हाय. पिन लावली का झालं. सारं आतच हाय."

"तरी," मी म्हतलं.

"तरी काय?"

सासू खाटेवरून पाहून राह्यली होती. तिनं दिवसा मले गिटार घेऊन जातानी पाह्यलं होतं, आन् बॅगची चेन अजून तुटेलच होती. मी माइक म्हतलं असतं तं हे म्हनतीन काहून, काहून म्हतलं तं चाचा निंघनार, चाचा निंघाला तं हयद निंघनार. एका गोष्टीले हात लावला का सारं भाहेर येनार, त्या वायरायवानी.

"तरी डबा देऊ का संगं?" मी म्हतलं.

सकायच्या बसनं तिघंबी अमरावतीले गेलो. खोल्या पाहाच्या म्हनून ह्यायनं मले संगं घेतलं होतं. मूर्तिजापुरले बस थांबली तवा ह्यायनं भजे आनले, मले एक घास गेला नाई. हे म्हने, "परीक्षा माही हाय का तुही?"

शायेचा हॉल मोठा. एक मॅडम, दोन सर, आन् खाली सतरंजीवर पोरंच पोरं. मी मांगच्या भिंतीले पोरीले घेऊन उभी. ह्यायनं पिन लावली. पहिल्या कडव्याले चांगली वाजली. मले वाटलं, देवानं पाच खेपा मोजल्या. मॅडम मान हालवून राह्यल्या होत्या. मी खिडकीतून मांगच्या खोल्या पाह्यल्या. हिरवं दार खरंच हिरवं होतं.

दुसऱ्या कडव्याले किंचायली. सारा हॉल भरून किंचायली, पोरायनं कानावर हात ठेवले, मांगचे फिदीफिदी हासाले लागले. ह्यायनं खटके वर केले, खाली केले, मांगं सरकले, तं आवाजच गेला. ह्यायचे बोटं चालून राह्यले आन् काईच आयकू येईना. मले अंगठा आठोला. चाचाचा अंगठा. दाबा, दाबा, मी मनात म्हनून राह्यली, आन् तोंडातून एक अक्षर नाई. ह्यायनं पिन काढून टाकली आन् तसंच वाजवलं, जीव तोडून. पन दोनशेक पोरं गाऊन राह्यले, वर पंखे, त्या पातय लाकडाचा आवाज दोन रांगायच्या पलीकडं गेला नाई. माइक होता, पन तो भाषनाच्या टेबलातच बसवेल, हालत नव्हता.

"आवाज येत नाहीये, सर," मॅडम म्हनाल्या. आवाजात राग नव्हता. "आम्ही कळवू."

त्यायनं कयवलं नाई.

येतानी बसमदी हे खिडकीशी, गिटार दोन पायाच्या मदी. बडनेऱ्यापर्यंत काई बोलले नाईत. मले वाटलं, सुरू झाले अकरा दिवस. मंग हे माह्याकडं न पाहता म्हने, "माह्याच्यानं झालं."

मी पाह्यलं.

"पिन तशीच लावून ठेवत होतो मी. एका वाजवनाऱ्यानं सांगतलं होतं मले, भाऊ काढत जा, बॅटरी फुटते. मी हो हो म्हतलं. तुले त्या खोल्या आवडल्या होत्या नं?" आन् ह्यायनं पोरीच्या पायावर हात ठेवला. "माफ कर."

लगनापासून ह्यायनं मले कधी माफ कर म्हतलं नव्हतं. बस हालत होती, पोरगी निजली होती. आन् मी काय केलं? मी म्हतलं, "जाऊ द्या."

जाऊ द्या! जशी मीच मोठ्या मनाची.

तवापासून हे माह्याशी लय गोड वागतात. सासूले म्हनतात, "तिले कुठी कुठी इचारत जाऊ नोको." सासू इचारत नाई, नुसती पाहते. ते जास्त वाईट हाय. दोन खोल्या त्याच, खाट तिथीच. आन् गिटार हालवली का आत काईतरी खुयखुय वाजते. हे म्हनतात वायरीची क्लिप सुटली. मले मालूम हाय, तांदूय हाय तो. पिवया. पोरीनं का मी टाकला मालूम नाई, पन गोल भोकातून आत गेला आन् गिटारीच्या पोटातच राह्यला. हे गिटार उलटी करून झटकतात, पोरगी खाली हात पसरून बसते, आन् मी चुलीकडं तोंड करून उभी राहतो. आतापर्यंत पडला नाई.

काल हे म्हने, रविवारी गिटार घेऊन बोयीतल्या चाचाकडं जातो, लोकं म्हनतात त्यायचा हात चांगला हाय.

आज गुरुवार हाय. तुमी असते तं त्या रात्री माइक म्हतलं असतं का? का बसमदी, ह्यायचा हात पोरीच्या पायावर असतानी? आन् तिथीबी नसतं बोललं, तं आता रविवारच्या आधी तुमी काय केलं असतं?